मणके जोडणारे स्क्रू, रॉड आणि केज : शस्त्रक्रियेआधी आणि नंतर

पाठीच्या कण्यातले दोन किंवा अधिक मणके कायमचे जोडून त्यांच्यामधली हालचाल बंद करण्याच्या शस्त्रक्रियेला फ्यूजन म्हणतात. तिच्यात मणक्यांत घट्ट बसणारे स्क्रू, त्या स्क्रूंना एकमेकांशी बांधणारे रॉड आणि दोन मणक्यांमधली खराब झालेली गादी काढल्यावर तिच्या जागी ठेवला जाणारा केज असे साहित्य वापरले जाते. ‘मणक्यात रॉड टाकला’ असे ऐकल्यावर पुढची सगळी वर्षे हा धातूच पाठ सावरून धरणार, असे रुग्णाला आणि घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात स्क्रू आणि रॉड मणक्यांना स्थिर ठेवतात ते काही महिन्यांसाठी. तेवढ्या मुदतीत दोन मणक्यांच्या मधोमध नवे हाड तयार होऊन ते एकसंध व्हावे लागतात. हाड जुळले की शरीराचा भार हाडाकडे जातो आणि धातूचे काम जवळजवळ संपते. हाड जुळले नाही, तर स्क्रू कितीही महागाचा असला तरी रोजच्या उठण्या-वाकण्याने तो सैल होतो किंवा रॉड मोडतो. इम्प्लांटची निवड, खर्च, आधीची तयारी, नंतरची पथ्ये या सगळ्यांचा उलगडा या एका गोष्टीवरून होतो.

सुरुवात धातूविना

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया धातूच्या इम्प्लांटपेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोन शल्यविशारदांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्षयरोगाने पोखरलेल्या कण्यासाठी ती वापरली. हिब्ज मणक्यांच्या मागच्या भागातले हाड सोलून त्याचे तुकडे शेजारच्या मणक्यावर टेकवत. आल्बी नडगीच्या हाडाची पट्टी काढून ती पाठीच्या काट्यांमध्ये बसवत. आतून धरून ठेवणारे काहीच नसल्यामुळे रुग्णाला दीर्घकाळ प्लास्टरमध्ये पडून राहावे लागे आणि तरीही जोडणी फसे.

पुढचा मोठा बदल पोलिओने घडवला. पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी अमेरिकेत ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी हुक आणि रॉडची रचना तयार केली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या रुग्णांत त्यांनी हाडाची जोडणी न करता नुसता रॉड लावून पाहिला होता. बाक काही काळ सरळ राही, मग हुक निसटत किंवा रॉड तुटे. त्यानंतर रॉडबरोबर हाडाची जोडणी करणे हा नियमच झाला. धातू थकून मोडण्याआधी हाड जुळले पाहिजे, ही शर्यत तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके यांनी १९७०च्या दशकात प्रत्येक मणक्याच्या कमानीखालून तार ओवून ती रॉडला बांधण्याची पद्धत आणली. तिच्याशी नाते सांगणारी हार्टशिल नावाची आयताकृती चौकट भारतात कण्याच्या क्षयरोगात आणि अपघाती मोडीत अनेक वर्षे वापरली गेली. ती स्वस्त होती आणि क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रणेशिवाय बसवता येई. त्यामुळे पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांच्या एक्स-रेमध्ये आजही अशा चौकटी आणि तारा दिसतात.

स्क्रू आणि रॉड

सध्या सर्वाधिक वापरला जाणारा पेडिकल स्क्रू पॅरिसच्या रेमों रुआ-कामी यांनी १९६३ पासून वापरात आणला. मणक्याचा पुढचा भाग जाड आणि गोल असतो, मागे कमान असते, आणि या दोहोंना डाव्या-उजव्या बाजूंनी हाडाचा एकेक आखूड दांडा जोडतो. तो दांडा म्हणजे पेडिकल. मणक्यातला हा सर्वांत मजबूत रस्ता आहे. मागच्या बाजूने शिरलेला स्क्रू त्यातून थेट पुढच्या गोल भागात पोहोचतो आणि संपूर्ण मणक्यावर पकड घेतो. हुक किंवा तारेला अशी पकड मिळत नाही. कमरेच्या मणक्यांत हे स्क्रू साधारण साडेपाच ते साडेसात मिलिमीटर जाडीचे आणि चार ते पाच सेंटिमीटर लांबीचे असतात. छातीमागच्या मणक्यांत ते बारीक घ्यावे लागतात.

कमरेचे दोन मणके जोडायचे असतील तर बहुधा चार स्क्रू आणि दोन रॉड लागतात. स्क्रूचे डोके खोबणीसारखे असते आणि बहुतेक प्रकारांत ते थोडे फिरते, म्हणजे स्क्रू वेगवेगळ्या कोनांत बसले तरी रॉड त्यांत ठेवता येतो. वरून एक छोटा आटेदार नट ठरावीक जोराने आवळला की सगळी रचना एकजीव होते. प्रत्येक कंपनीचे आटे, नट आणि त्यांना लागणारे स्क्रूड्रायव्हर वेगळे असतात. ही बारीकशी वाटणारी गोष्ट दहा वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर फार महत्त्वाची ठरते.

पेडिकलच्या आतल्या बाजूला मज्जारज्जू किंवा नसांचा गुच्छ असतो आणि खालून नस बाहेर पडते. स्क्रू दोन-तीन मिलिमीटर भरकटला तरी नसेला इजा होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेत सी-आर्म यंत्राने वारंवार एक्स-रे पाहिला जातो. काही ठिकाणी संगणकाच्या साहाय्याने दिशा दाखवणारी नॅव्हिगेशन यंत्रणा असते, आणि मोठा बाक सरळ करताना नसांमधले विद्युत संदेश सतत तपासले जातात. साध्या, एका पातळीच्या शस्त्रक्रियेत अनुभवी हात आणि चांगले सी-आर्म पुरेसे होतात. गुंतागुंतीच्या बाकात मात्र नसांवर देखरेख ठेवण्याची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

मानेत बहुतेक वेळा शस्त्रक्रिया पुढून, गळ्याच्या बाजूने होते. गादी काढून तिच्या जागी केज ठेवतात आणि समोरून पातळ प्लेट चार स्क्रूंनी बसवतात. एसीडीएफ या नावाने ही शस्त्रक्रिया रिपोर्टमध्ये दिसते. त्यानंतर काही दिवस ते काही आठवडे गिळताना अडखळल्यासारखे होणे किंवा आवाज बसणे नेहमीचे आहे. पहिल्या काही दिवसांत गळा सुजून श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

केज

केजची गोष्ट घोड्यांपासून सुरू होते. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दबून घोडे अडखळत चालतात असा एक आजार आहे. त्यासाठी अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद जॉर्ज बॅग्बी यांनी स्टेनलेस स्टीलची भोके पाडलेली पोकळ नळी बनवली. मणक्यांच्या मध्ये ती ठोकून बसवली की उंची टिकून राही, आणि आतल्या पोकळीतून हाड वाढून दोन्ही मणके जुळत. त्यावरूनच माणसांसाठी केलेल्या टायटॅनियमच्या केजला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ मध्ये मान्यता दिली.

आजचे केज गोल नळीऐवजी चपट्या, वक्र आकाराचे असतात. त्यांची कामे तीन आहेत: बसलेली गादीची उंची परत आणून नसेची वाट मोकळी करणे, कमरेचा नैसर्गिक पुढचा बाक राखणे आणि हाडाच्या चुऱ्याला जागा देणे. केज मागच्या बाजूने तिरका घातला तर ती टीलिफ पद्धत, पोटाच्या बाजूने घातला तर एलिफ. पोटाकडून मोठा केज बसतो आणि बाक अधिक चांगला राखता येतो, परंतु तिथे मोठ्या रक्तवाहिन्या हाताळाव्या लागतात. मार्ग कोणता, हे शल्यचिकित्सकाच्या सरावावर आणि रुग्णाच्या मणक्यांच्या रचनेवर ठरते. रुग्णाने त्यासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही.

टायटॅनियम की पीक

स्क्रू-रॉडसाठी सर्वाधिक वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे टायटॅनियमसोबत साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. शरीरात तो गंजत नाही, हाड त्याला थेट चिकटते आणि चुंबकाकडे तो ओढला जात नाही. स्टेनलेस स्टील स्वस्त आणि कणखर आहे, पण त्यात निकेल असते आणि एमआरआयच्या चित्रात ते फार मोठा भाग काळवंडून टाकते. कोबाल्ट-क्रोमचे रॉड अधिक ताठ असतात. मोठा बाक सरळ धरून ठेवायचा असेल तेव्हा ते घेतले जातात.

केजसाठी पीक नावाचे कठीण प्लास्टिकही बरेच वापरले जाते. त्यामागचे कारण ताठपणात आहे. हाडाच्या बाहेरच्या कठीण कवचाच्या मानाने टायटॅनियम साधारण सहापट ताठ असते, तर पीक हाडापेक्षाही लवचिक. फार ताठ केज मऊ मणक्यात रुतून बसण्याची भीती असते, आणि हाडावर पुरेसा भार न आल्यास ते नीट वाढत नाही. पीकमधून एक्स-रे आरपार जातो, म्हणून आत हाड तयार होत आहे का, हे पाहता येते. पण पीकच्या गुळगुळीत पृष्ठभागाला हाड चिकटत नाही. त्यावर उपाय म्हणून पीकला टायटॅनियमचा थर देणे, किंवा त्रिमितीय छपाईने जाळीदार, सच्छिद्र टायटॅनियमचे केज बनवणे सुरू झाले आहे. या जाळीत हाड शिरते आणि पोकळपणामुळे ताठपणाही कमी होतो.

एवढे असूनही, ज्या रुग्णाला फ्यूजनची खरी गरज आहे त्याच्या बाबतीत केज कशाचा यापेक्षा तो योग्य मापाचा, योग्य जागी आणि नीट साफ केलेल्या हाडावर बसला की नाही, यावर अधिक अवलंबून असते. ‘आयात केलेला’ या एका शब्दापोटी कर्ज काढण्याची गरज बहुतेकांना नसते. भारतात बनणारे परवानाधारक टायटॅनियमचे स्क्रू रोज हजारो मणक्यांत काम करत आहेत.

जोडणारे हाड कुठून येते

शस्त्रक्रियेच्या वर्णनात सर्वांत कमी बोलला जाणारा, पण निकाल ठरवणारा भाग हाच. नसेवरचा दाब काढताना कमानीचे जे हाड निघते ते स्वच्छ करून, त्याचा चुरा केज आणि आजूबाजूच्या जागेत भरला जातो. ते कमी पडले तर कमरेच्या वरच्या कडेतून, म्हणजे कुल्ह्याच्या हाडातून, थोडे काढतात. स्वतःचे हाड सर्वोत्तम खरे, कारण त्यात जिवंत पेशी असतात. मात्र कुल्ह्याची ती जागा पुढे बराच काळ दुखू शकते.

दुसरा पर्याय दान मिळालेल्या हाडाचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक आहे. तिथे असे हाड प्रक्रिया करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवले जाते. त्यात जिवंत पेशी नसतात, पण नव्या हाडाला चढायला चौकट मिळते. कॅल्शियमयुक्त सिरॅमिकचे दाणेही याच कामासाठी मिळतात. हाड वाढवणाऱ्या बीएमपी या प्रथिनाचा शोध मार्शल युरिस्ट यांच्या १९६५ मधल्या कामातून लागला, आणि अमेरिकेत २००२ मध्ये कमरेच्या विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी ते मान्य झाले. ते प्रभावी आहे, महागही आहे आणि नको तिथेही हाड वाढवू शकते. मानेच्या शस्त्रक्रियेत त्यामुळे गळ्याला जिवावर बेतणारी सूज आल्याचे दिसल्यावर अमेरिकी प्रशासनाने २००८ मध्ये तसा इशारा दिला. अंदाजपत्रकात असे काही लिहिले असेल तर ते कशासाठी, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

फ्यूजन खरेच हवे का

इम्प्लांटविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कंपनीचा नाही. इम्प्लांट लागणार का, हा आहे. अपघातात मणका मोडून अस्थिर झाला असेल, क्षयरोगाने किंवा गाठीने मणका कोसळला असेल, वाढत्या वयातल्या मुलाचा बाक वेगाने वाढत असेल, किंवा एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकून हालचालीगणिक सरकत असेल, तर फ्यूजनला पर्याय क्वचितच असतो. क्षयरोगाच्या बाबतीत पुष्कळांना शंका येते की जंतू असलेल्या जागी धातू कसा चालेल. क्षयाचे जंतू धातूला इतर जंतूंसारखा थर धरून चिकटत नाहीत, असा अनुभव आणि अभ्यास आहे. औषधे पूर्ण मुदतीची घेतली जात असतील तर तिथे टायटॅनियम सुरक्षित मानले जाते. औषधे अर्धवट सोडली तर मात्र शस्त्रक्रिया कितीही उत्तम झाली तरी वाया जाते.

याउलट, केवळ गादी सरकून पायात कळ येत असेल तर बहुधा आधी औषधे आणि व्यायाम, आणि न भागल्यास गादीचा सरकलेला तुकडा काढणे एवढेच पुरते. स्क्रू लागत नाहीत. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘गॅप’ किंवा झीज दिसणे हे चाळिशीनंतर इतके सर्रास आहे की त्यावरून फ्यूजन ठरवणे चूक होईल.

मधला, खरोखर अवघड गट आहे तो वयोमानाने नसांची वाट अरुंद झालेल्या आणि मणका थोडा सरकलेल्या रुग्णांचा. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. नसेवरचा दाब काढण्यासोबत फ्यूजन केलेल्यांना, नुसता दाब काढलेल्यांपेक्षा दोन वर्षांनंतर अधिक फायदा झालेला नव्हता. नॉर्वेतील २०२१ च्या अभ्यासानेही अशा सरकलेल्या मणक्यांत नुसता दाब काढणे कमी पडत नाही असे दाखवले. २०१६ मध्येच आलेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात फ्यूजन केलेल्यांची स्थिती किंचित बरी दिसली होती, त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही. पण एवढे नक्की की या गटात ‘स्क्रू टाकावेच लागतील’ हे वाक्य तपासल्याशिवाय स्वीकारू नये. उभे राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका किती सरकतो, हे पाहायला सांगावे. आडवे झोपून काढलेल्या एमआरआयमध्ये ते सरकणे लपू शकते. हातापायांची ताकद झपाट्याने जात नसेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायला नेहमीच वेळ असतो, आणि कोणताही चांगला डॉक्टर त्याचा राग धरत नाही.

जोडलेल्या मणक्यांची हालचाल थांबली की तिचा ताण वरच्या-खालच्या गाद्यांवर जातो. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर शेजारच्या मणक्यांचा त्रास दरवर्षी सुमारे ३ टक्के रुग्णांत नव्याने उद्भवतो, असे १९९९ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले. चाळिशीतल्या माणसासमोर अजून तीस-चाळीस वर्षे असतात. हा हिशोब शस्त्रक्रियेला होकार देण्याआधीच मांडायचा असतो.

तंबाखू, साखर आणि हाडांची ताकद

निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि नव्या हाडाला मिळणारे रक्त तोडते. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांची जोडणी फसली होती, न करणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांची. महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ सिगारेट-बिडीचा नाही. चुना-तंबाखू, गुटखा आणि मशेरी यांतूनही तेच निकोटिन शरीरात जाते. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला गावाकडची एखादी बाई खरेखुरे ‘नाही’ म्हणते आणि सकाळ-संध्याकाळ दातांना मशेरी लावते. तिला ती दात घासण्याची पूड वाटते, आणि डॉक्टरांच्या कागदावर तंबाखूचा उल्लेखच येत नाही. घरातल्या माणसांनी ही माहिती आपणहून द्यावी. शस्त्रक्रियेच्या किमान चार ते सहा आठवडे आधी तंबाखू पूर्ण थांबवावी आणि नंतरचे सहा महिने तरी तिला शिवू नये. या एका गोष्टीने जेवढा फायदा होतो तेवढा कोणताही महागडा केज देऊ शकत नाही.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणूनच तारीख ठरवावी. साखर जास्त असताना जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, आणि धातूवर बसलेले जंतू औषधांना सहज दाद देत नाहीत. पाळी गेलेल्या स्त्रियांनी, तसेच स्टिरॉइड घेत असलेल्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाड ठिसूळ आहे. अशा हाडात स्क्रू भुसभुशीत मातीत रोवलेल्या खुंटीसारखा हलू लागतो. तातडी नसेल तर आधी हाड घट्ट करणारी औषधे दिली जातात, किंवा स्क्रूच्या छिद्रांतून हाडात सिमेंट सोडून पकड वाढवतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे इतकी सामान्य आहे की ती तपासून भरून काढणे हा तयारीचा भागच समजावा.

बिल, स्टिकर आणि परवाना

भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जोखमीनुसार ए ते डी असे वर्ग आहेत. पेडिकल स्क्रूसारखी साधने वरच्या जोखमीच्या सी वर्गात येतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय औषध नियंत्रण संस्था देते. म्हणून वेष्टनावर किंवा बिलावर उत्पादन अथवा आयात परवान्याचा क्रमांक असलाच पाहिजे.

किमतीचे चित्र रुग्णांच्या दृष्टीने तितकेसे सोयीचे नाही. हृदयातल्या स्टेंटला आणि गुडघ्याच्या सांध्याला २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत ठरवून दिली. मणक्यांच्या स्क्रू-केजला तशी कमाल किंमत नाही; छापील किंमत वर्षभरात १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. त्यामुळे एकाच प्रकारच्या स्क्रूची किंमत दोन रुग्णालयांत बरीच वेगळी असू शकते. अंदाजपत्रक घेताना ‘इम्प्लांट’ अशी एकच रक्कम मान्य करू नये. किती स्क्रू, किती रॉड, केज कोणत्या कंपनीचा आणि कशाचा, हाडाचा पर्यायी पदार्थ वापरणार का, हे सुटे सुटे लिहून मागावे. विमा असेल तर इम्प्लांटच्या खर्चावर मर्यादा आहे का, हे आधीच पाहावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मणक्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात. आपली त्यात बसते का, ते योजनेतल्या रुग्णालयात नेमलेला आरोग्यमित्र सांगतो. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेबाबत अशीच चौकशी करावी.

शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना एक कागद कोणत्याही परिस्थितीत सोबत हवा: कोणते इम्प्लांट बसवले याची नोंद. केज बहुधा निर्जंतुक पाकिटात येतो आणि त्यावरचे स्टिकर काढून केसपेपरवर चिकटवतात. स्क्रू मात्र अनेकदा कंपनीच्या ट्रेमधून येतात, रुग्णालयात वाफेने निर्जंतुक होतात आणि त्यांना वेगळे पाकीट नसते. अशा वेळी बिलावर कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक लिहिलेला असल्याची खात्री करावी. पुढे स्क्रू काढायची किंवा जोडणी वाढवायची वेळ आली, तर नव्या डॉक्टरांना याच कागदावरून योग्य स्क्रूड्रायव्हर मागवता येतो. तो नसेल तर ऐन शस्त्रक्रियेत स्क्रू कापून काढण्याची पाळी येते. मूळ कागद फाइलमध्ये, आणि फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये, असे असावे.

घरी आल्यावर

बहुतेक रुग्णांना दुसऱ्या दिवशी उभे केले जाते. अंथरुणातून उठताना आधी खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर व्हावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने बसावे. उताणे असताना थेट उठून बसू नये. चालणे हा सर्वांत चांगला व्यायाम आहे आणि तो रोज थोडा थोडा वाढवावा. बेल्ट किती आठवडे वापरायचा, हे शस्त्रक्रियेनुसार बदलते. पुष्कळांना तो लागतही नाही.

पहिले तीन महिने कमरेतून वाकणे, पिळणे आणि वजन उचलणे टाळायचे असते. चार-पाच किलोंच्या वर काही उचलू नये. भरलेली कळशी, धान्याची गोणी, नातवंड या सगळ्यांवर ही बंदी आहे. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो. तो सरकवणेसुद्धा दुसऱ्याने करावे. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय या काळात अडचणीचे ठरते. म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची यांची सोय शस्त्रक्रियेच्या आधी करून ठेवावी. स्कूटरवर मागे बसून खड्ड्यांच्या रस्त्याने जाण्यापेक्षा काही आठवडे घरी राहिलेले बरे. दुखण्यावर दुकानातून आणलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यांपैकी काही हाड जुळण्याचा वेग कमी करू शकतात असे मानले जाते.

वेदना महिनाभरात कमी झाली म्हणजे हाड जुळले, असे नव्हे. जोडणी दिसू लागायला तीन ते सहा महिने लागतात, पक्की व्हायला वर्ष लागू शकते. नेमके याच टप्प्यावर, बरे वाटू लागल्यावर, लोक शेतातल्या कामाला लागतात आणि तपासणीला जाणे थांबवतात. एक्स-रे तपासणीच्या तारखा पाळणे म्हणूनच शस्त्रक्रियेइतके आवश्यक आहे. शंका असेल तर सीटी स्कॅनमध्ये हाड सलग झाले की नाही, ते स्पष्ट कळते.

टायटॅनियम असताना एमआरआय करता येतो. मात्र तंत्रज्ञाला इम्प्लांटची माहिती आधी द्यावी. धातूच्या अगदी जवळचे चित्र धूसर येते. विमानतळावर यंत्र वाजले तर तपासनिसाला शस्त्रक्रियेची माहिती द्यावी, म्हणजे हाताने तपासणी करून पुढे सोडले जाते.

बिघाडाची लक्षणे

ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणे, वाढती लाली ही संसर्गाची चिन्हे आहेत आणि ती काही महिन्यांनीही दिसू शकतात. लघवी अडकणे किंवा नकळत होणे, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा येणे, पायाची ताकद अचानक जाणे यांपैकी काहीही झाले तर त्याच रात्री रुग्णालयात जावे. सकाळपर्यंत थांबल्याने कायमचे नुकसान होऊ शकते. मध्ये बरे गेल्यानंतर सहा-आठ महिन्यांनी कंबर पुन्हा दुखू लागली, तर जोडणी फसली असण्याची शक्यता तपासावी लागते. एक्स-रेवर स्क्रूभोवती काळे वलय दिसणे म्हणजे तो हाडात हलतो आहे. तुटलेला स्क्रू किंवा रॉड दिसला म्हणून लगेच घाबरू नये. हाड पक्के जुळले असेल आणि त्रास नसेल, तर तो तसाच राहू देतात.

जुळलेल्या हाडातले इम्प्लांट काढण्याची सहसा गरज नसते. संसर्ग, त्वचेखाली टोचणारे टोक, नसेला लागणारा स्क्रू किंवा न झालेली जोडणी अशा कारणांनीच ते काढले जातात. बाहेर काढलेला किंवा तुटलेला भाग सदोष असल्याची शंका वाटली, तर त्याची नोंद २०१५ मध्ये सुरू झालेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे करता येते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे हे काम आहे. डॉक्टरांप्रमाणेच रुग्णालाही ही तक्रार करता येते. तीत कंपनीचे नाव, लॉट क्रमांक, बसवल्याची तारीख आणि बिघाड लक्षात आल्याची तारीख लिहावी, आणि काढलेला भाग तपासणी होईपर्यंत जपून ठेवण्याची लेखी विनंती रुग्णालयाला करावी.